राजाच्या हातची वेडी बाभूळ

एका जंगलात आगगाडी होती.

हात खाली करा. जंगलात आगगाडी कशी आली, हे कुणीही विचारायचं नाही. बोलणारा कावळा आणि शहाणा ससा तुम्ही आजवर मुकाट्याने ऐकून घेतलात, मग आगगाडीनेच तुमचं काय घोडं मारलं आहे?

तर त्या जंगलाच्या एका टोकाला मोठं तळं होतं आणि दुसऱ्या टोकाला माळ होता. माळावर पाणी नव्हतं. जनावरं मात्र भरपूर होती, कारण जिथे पाणी नसतं तिथे गरिबांना जागा लवकर मिळते. ससे, काळविटं, रानडुकरं, घोरपडी सगळे तिथे दाटीवाटीने राहत. रोज सकाळी आगगाडी तळ्यावरून टाक्या भरून निघायची आणि दुपारी माळावर पोचून तिथला हौद भरायची. ती आली तर पाणी, नाही आली तर आवंढे. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पुढची गोष्ट समजायला सोपी जाईल.

आगगाडी दौलू गवा चालवायचा. आणि रुळांच्या कडेचं तण काढायचं काम गेनबा साळिंदराकडे होतं.

तण म्हणजे काय, ते तुम्हाला शाळेत शिकवतात. शेतात नको असलेलं गवत वगैरे. रुळाकडेचं तण इतकं साधं नसतं. तिथे वेडी बाभूळ येते. ती परदेशातून आली, कुणी आणली ते आता कुणीच कबूल करत नाही. तिला पाणी नको, खत नको, माया नको. वरून कापली तर तिला वाटतं आपले केस कापले, आणि ती दुप्पट केस वाढवते. तिची मुळं रुळाखालची खडी उचकटतात आणि तिचे काटे इंजिनाच्या काचेपर्यंत येतात.

गेनबाची एक पद्धत होती. ती त्याला त्याच्या बापाने शिकवली होती आणि बापाला आज्याने. मोठी बाभूळ दिसली की तिच्या खोडावर चुन्याची फुली मारायची. मग पावसाची वाट बघायची. माती मऊ झाली की वीतभर खाली खणून मुळाचा गड्डा शोधायचा, आणि तो गड्डाच्या गड्डा बाहेर काढायचा. रोपटं लहान असेल तर फुलीही नको, मुळासकट उपटलं की काम झालं. गेनबाच्या हद्दीत बारा कोसांत एक बाभूळ उभी नव्हती. त्यामुळे गेनबा काही काम करतो, हे कुणालाच माहीत नव्हतं.

आता या जंगलाचा राजा वाघ होता. राजा वाईट नव्हता. त्याला फक्त झाडं लावायची हौस होती. दर पावसाळ्यात तो वृक्षारोपण करायचा. ते सगळं ‘रूळ व हिरवळ’ या खात्याकडे असायचं, आणि त्या खात्याचे प्रमुख धवलराव बगळे होते. धवलराव कोणत्याही कामाला एका पायावर तयार असत. दुसरा पाय ते जमिनीला लावत नसत, म्हणून काम पुढे सरकत नसे, ही गोष्ट वेगळी.

राजाने आजवर अठरा झाडं लावली होती. अठराही वाळली होती. पण खड्डे तयार होते, म्हणून एकोणिसावं झाड लावायला अडचण नव्हती.

त्या वर्षी समारंभ रुळाच्या वळणावर ठरला. वळणावर सिग्नल होता. सिग्नलच्या पुढे फाटक होतं, तिथून जनावरं रूळ ओलांडायची. मांडव पडला, ढोल आले, राजा आला, आणि मग धवलरावांच्या लक्षात आलं की रोप आणलेलं नाही. रोपवाटिकेत माणूस, चुकलो, माकड पळवलं. ते हात हलवत परत आलं. रोपवाटिकेतली कडुनिंबाची आणि जांभळाची सगळी रोपं उन्हाळ्यातच सुकून गेली होती, कारण त्यांना पाणी कुणी घालायचं हे ठरवणारी बैठक अजून व्हायची होती.

तिथेच गेनबा काम करत होता. त्याने नुकतीच सिग्नलच्या बुडाशी उगवलेली एक बाभळीची पोर उपटली होती. अगदी हळुवार, एकही मूळ न तोडता, बापाने शिकवलं होतं तशी. हिरवीगार, लसलशीत पोर त्याच्या ढिगावर पडली होती.

धवलरावांची नजर ढिगावर गेली.

गेनबा काही बोलायच्या आत ती पोर चांदीच्या ताटात होती. तिला हळद-कुंकू लागलं होतं. राजाने विचारलं, खड्डा कुठे आहे? धवलरावांनी इकडेतिकडे पाहिलं. जवळ एकच खड्डा होता, गेनबाने ती पोर जिथून काढली होती तो. राजाने आपल्या पंजाने ती परत तिथेच लावली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

गेनबा पुढे झाला आणि धवलरावांच्या पंखाला हळूच लागून म्हणाला, “सायेब, ती वेडी बाभूळ हाय. मी आत्ताच काढलीया तिला.”

“वेडी होती,” धवलराव म्हणाले. “महाराजांचा हात लागला आहे. आता तिला राजवृक्ष म्हणायचं.”

मुलांनो, इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण वेडी बाभूळ संपत नाही.

बाकीची अठरा झाडं सरकारी निगराणीत वाळली होती. ही जगली. नुसती जगली नाही, फोफावली. दुसऱ्या वर्षी ती राजाच्या उंचीची झाली. राजाला भरून आलं. आपल्या हाताला गुण आहे, हे त्याला या वयात कळलं होतं. त्याने झाडाभोवती कुंपण घालायला सांगितलं आणि त्याला आगगाडीच्या टाकीतलं पाणी रोज एक घागर घालायचा हुकूम केला. घागर घालायचं काम कुणाकडे आलं असेल? बरोबर. गेनबाकडे. त्याची बायको हौसाबाई माळावर अर्ध्या घागरीत सगळा संसार करत होती, आणि तो रोज अख्खी घागर तणाला घालत होता. तण पाण्याविना वाढतं, हे ठाऊक असलेल्याला तणाला पाणी घालायला लावणं ही मोठी शिक्षा आहे.

तिसऱ्या वर्षी झाडाला शेंगा आल्या. शेंगा गोड होत्या. राजाने त्या सगळ्या जंगलात प्रसाद म्हणून वाटल्या. प्रसाद नाकारायची पद्धत नव्हती. सगळ्यांनी खाल्ला, आणि खाल्लेलं पुढे काय होतं हे मी तुम्हाला सांगायला नको. पावसाळ्यात बारा कोस रुळाच्या दोन्ही बाजूंना बाभळीच बाभळी उगवल्या.

गेनबा कुदळ घेऊन निघाला, तर धवलरावांनी त्याला अडवलं. ही राजवृक्षाची लेकरं असू शकतील, ते म्हणाले. गेनबाने विचारलं, मग साधी कुठली आणि राजाची कुठली हे ओळखायचं कसं? धवलरावांना हा प्रश्न फार आवडला. त्यांनी ताबडतोब वंशावळ समिती नेमली. समितीत स्वतः धवलराव, एक घुबड आणि एक कासव होतं. घुबडाला दिवसा दिसत नव्हतं आणि कासव तळ्यावरून बैठकीला निघालं होतं. ते पोचेपर्यंत एकाही बाभळीला हात लावायचा नाही, असा हुकूम निघाला.

चौथ्या वर्षी वळणावरचा सिग्नल दिसेना. धवलरावांनी सिग्नल दोन हात उंच केला. बाभूळ चार हात वाढली. सिग्नल आणखी उंच केला. शेवटी दौलूला सिग्नल बघायला इंजिनातून मान काढून आभाळाकडे बघावं लागे, आणि तेवढ्यात वळण निघून जाई. मग बाभळीच्या शेंड्यावर एक माकड बसवलं, त्याने सिग्नल बघून दौलूला ओरडून सांगायचं. पण शेंगा माकडाच्या हाताशी होत्या आणि सिग्नल लांब होता. शेंगा खाण्यात त्याचे दिवस बरे चालले होते.

एका दुपारी माकड शेंगा खात होतं आणि फाटक उघडं होतं. रानडुकरीण आपल्या पाच पिलांना घेऊन रूळ ओलांडत होती. दौलूने तिला बाभळीच्या जाळीतून अगदी शेवटी पाहिलं. त्याने ब्रेक असा दाबला की टाक्यांतलं निम्मं पाणी उसळून रुळांवर सांडलं. गाडी शेवटच्या पिलापासून हातभर अंतरावर थांबली. ते पिलू हललंच नाही, त्याला वाटलं आपल्यासाठी पाणी आलं. त्याने रुळावरचं पाणी प्यायला सुरुवात केली.

दौलू इंजिनातून उतरला आणि खडीवर बसला.

“गेनबा,” तो म्हणाला, “माळाला पानी पायजे हे मला बी ठावं हाय. पर आंधळ्यावानी गाडी हाकून मी कुनाचं लेकरू मारनार न्हाई. वाट दिसंल तवा बोलीव.”

त्या दिवसापासून गाडी बंद झाली.

पुढचं मी लवकर सांगून टाकतो, कारण ते सांगायला मला आवडत नाही. माळावरच्या तरण्याताठ्या जनावरांनी बारा कोस चालत तळ्यावरून पाणी आणायला सुरुवात केली. म्हातारी होती ती हौदाजवळ नुसती बसून राहिली. हौसाबाईच्या शेजारी एक आंधळा ससा राहायचा. गाडीची वेळ झाली की तो रोज कान टवकारायचा. हौसाबाई आपल्यातलं घोटभर पाणी त्याला द्यायची आणि गाडी आत्ताच येऊन गेली म्हणून सांगायची. ससा आंधळा होता, बहिरा नव्हता. तरी तो मान डोलवून पाणी प्यायचा.

गेनबाने एकदा कुदळ उचलली. हुकूम गेला खड्ड्यात, म्हणाला. हौसाबाईने त्याला दारातच धरलं. राजवृक्षाला हात लावणाऱ्याला काय शिक्षा होती, ते दोघांनाही माहीत होतं. गेनबा तुरुंगात गेला तर राजा पुन्हा झाड लावणार, आणि या वेळी ते काढायचं कसं हे माहीत असलेला कुणी बाहेर नसणार.

गेनबा तिरीमिरीत निघाला तो चालत तळ्याच्या स्टेशनावर गेला. तिथे एका वडाचं खोड होतं. नुसतं खोड. त्याचा बाप कामावरून आला की त्या वडाखाली बसायचा, कांदा फोडायचा. दोनशे वर्षांचा वड, दुष्काळाला दबला नाही, वणव्याला दबला नाही, विजेला दबला नाही. मग धवलरावांच्या खात्याने त्याचं सुशोभीकरण केलं. बुंध्याला चिकटून सिमेंटचा पार बांधला, मुळांवर फरशी बसवली, दिव्यांच्या तारेसाठी भोवती चर खणला आणि स्वागताचा फलक खिळ्यांनी ठोकला. तिसऱ्या वर्षी वड गेला. पार अजून छान आहे.

गेनबा त्या पारावर बसला. त्याला बापाची फार आठवण आली आणि तो रडला. रडून झाल्यावर तो वडाच्या खोडाकडे बराच वेळ बघत राहिला. मग उठून झपाझप घरी आला आणि मनातलं हौसाबाईला सांगितलं.

हौसाबाई शांतपणे म्हणाली, “हात लावायला बंदी हाय. कवतिक करायला कुठं बंदी हाय?”

दुसऱ्या दिवशी गेनबा धवलरावांसमोर अदबीने उभा राहिला. त्याने गाडीचं नाव काढलं नाही, पाण्याचं काढलं नाही. तो एवढंच म्हणाला की शेजारच्या जंगलाचा लांडगा आला होता आणि आमच्या राजवृक्षाला बघून हसला. म्हणाला, राजाचं झाड आणि पायथ्याशी नुसता चिखल? त्याची लेकरंही रुळाकडेला उघडीवाघडी उभी आहेत.

धवलरावांनी वर धरलेला पाय खाली टेकला. खात्यात तो दिवस आजही आठवतात.

“सुशोभीकरण,” ते म्हणाले.

“म्हंजे काय, सायेब?” गेनबाने विचारलं.

ठेका अस्वलाला मिळाला. अस्वलाला फक्त खणता येत होतं, पण ते मन लावून खणायचं. राजवृक्षापासून त्याच्या शेवटच्या लेकरापर्यंत बारा कोस काम निघालं. प्रत्येक बाभळीला दिवे, प्रत्येक बाभळीला पार, प्रत्येक बाभळीला रंग. तारेसाठी चर कुठून घ्यायचा, हे अस्वलाने विचारलं तेव्हा धवलरावांनी गेनबाकडे बोट दाखवलं, कारण रुळाकडेची माती त्यालाच ठाऊक होती.

गेनबा खाली बसला. त्याने खोडाला चिकटून जमिनीवर बोटाने रेघ ओढली.

“हितनं घ्या,” तो म्हणाला. “वीतभर खाली. मधी एक गड्डा लागंल, तारंला आडवा येतो. तो काढूनच टाका.”

अस्वलाने आपले भाऊबंद कामावर आणले, आणि आयुष्यात पहिल्यांदा गेनबाच्या हाताखाली साठ अस्वलं काम करत होती. त्याने त्यांना सगळं शिकवलं, बापाने शिकवलं होतं तसं. माती कधी मऊ असते, गड्डा कुठे लपतो, मूळ कुठवर जातं. खणून झालेल्या प्रत्येक चरात सिमेंट ओतलं गेलं. वर फरशी बसली. खोडांना गेरू आणि चुना लागला. पाट्या ठोकल्या गेल्या. पहिल्या महिन्यात पानं पिवळी पडली. दुसऱ्या महिन्यात गळली. चौथ्या महिन्यात बारा कोस खराटे उभे होते, प्रत्येकावर दिव्यांची माळ.

उद्घाटन भर दुपारी ठेवलं, कारण राजा लवकर झोपतो. कळ दाबली. दिवे लागले असावेत, उन्हात दिसले नाहीत. राजा राजवृक्षासमोर उभा राहिला आणि त्याने वर पाहिलं.

“पानं कुठे आहेत?” त्याने विचारलं.

गेनबाच्या अंगावरचे सगळे काटे उभे राहिले.

“महाराज,” धवलराव म्हणाले, “पानांमुळे दिवे झाकले जात होते.”

राजाने थोडा विचार केला. मग मान डोलावली. धवलरावांना शाल मिळाली.

त्याच आठवड्यात कासव बैठकीला पोचलं. समिती बसली. मेलेल्या झाडाची वंशावळ लागत नाही, असं एकमताने ठरलं. गेनबाने एकेका खोडाला खांदा लावला, ती कडाकडा पडली. सिग्नल दोन दोन हात करत खाली आणला. खडी नीट लावली. मग तो वळणावर उभा राहिला आणि त्याने दौलूला बोलावलं. दौलूने इंजिनात बसून पाहिलं. सिग्नल दिसत होता, फाटक दिसत होतं, फाटकाच्या पलीकडचंही दिसत होतं.

गाडी माळावर पोचली तेव्हा आंधळ्या सशाने हौसाबाईला सांगितलं, “आज खरी आली.”

आता तुम्हाला वाटेल संपली गोष्ट. पण राजाला हौस होती आणि पावसाळा पुन्हा आला.

या वेळी राजाला माळावर झाड लावायचं होतं. रोपवाटिका अर्थातच सुकलेली होती. धवलरावांनी सवयीने गेनबाच्या ढिगाकडे पाहिलं. ढिगावर अगदी वर, मुळासकट, ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक कडुनिंबाचं रोप होतं. ते गेनबाने तीन कोसांवरून आणलं होतं. खड्डाही तयार होता, पाण्याच्या हौदाशेजारी, रुळापासून पन्नास पावलांवर. राजा खड्डा असेल तिथेच झाड लावतो, हे गेनबाला आता कळलं होतं.

राजा गेल्यावर धवलराव म्हणाले, आठ दिवसांत नावाचा दगड येईल, मग याचंही सुशोभीकरण करू, शिवाय कारंजं.

गेनबाने मान खाली घातली. कडुनिंबाला चार पानं होती.

आठ दिवसांनी अस्वल दगड, सिमेंट आणि फरशी घेऊन हौदापाशी आलं. तिथे कडुनिंबाच्या इवल्याशा खोडावर चुन्याची फुली होती.

“महाराजांचं झाड कुठलं?” अस्वलाने विचारलं.

“हे न्हवं,” गेनबा म्हणाला. “हे तण हाय. फुली दिसत न्हाई व्हय? पाऊस झाला की काढनार हाय मी.” मग त्याने लांब रुळाकडे हात केला. तिथे खडीतून वेड्या बाभळीचं एक चुकार पोर वर आलं होतं, हिरवंगार. “महाराजांचं ते. बघा की, कसं ऐटीत उभं हाय.”

अस्वलाने दगड तिकडे नेला. पार बांधला, चर खणला, गड्डा काढला, दिवे लावले. दोन महिन्यांत ते वाळलं.

तेव्हापासून दर वर्षी राजा एक झाड लावतो आणि दर वर्षी खातं दुसऱ्याच एका झाडाचा सन्मान करतं. गेनबाच्या हद्दीत बारा कोसांत पुन्हा एक बाभूळ उभी नाही. हौदाशेजारी मात्र तणाची चांगली राई झाली आहे. कडुनिंब आहे, जांभूळ आहे, एक वडही आहे. माळावरची जनावरं पाण्याच्या गाडीची वाट बघत त्या सावलीत बसतात, आणि गेनबा सुट्टीच्या दिवशी वडाखाली कांदा फोडतो. दर पावसाळ्यात चुना धुऊन जातो. पाऊस थांबला की हौसाबाई चुन्याचा डबा कालवून देते आणि गेनबा प्रत्येक खोडावर नव्याने फुली मारतो.

तात्पर्य : झाडं लावा, झाडं जगवा, असं तुमच्या शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. ते खरं आहे, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं असं : जे झाड जगावंसं वाटतं त्याला तण म्हणा, आणि जे तण मरावंसं वाटतं त्याचा जाहीर सत्कार करा.